विधवेचा तिसरा हिस्सा

1757 च्या जुलैमध्ये व्हर्जिनियातल्या पामंकी नदीकाठी डॅनियल पार्क कस्टिस नावाचा तंबाखूचा बडा मळेवाला अचानक वारला. वय 45. मागे 26 वर्षांची बायको मार्था आणि दोन लहानगी मुलं. जमीन वेगवेगळ्या परगण्यांत मिळून 17,500 एकर. त्या जमिनीवर राबणारी गुलाम माणसं जवळजवळ 300. मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

वाटपाचे दावे जवळून पाहिलेल्या कुणालाही ही सुरुवात ओळखीची वाटेल. कर्ता माणूस गेला, मुलं अज्ञान, विधवा तरुण, कागद काहीच नाही. पुढे मिळकतीची यादी होणार, मोल ठरणार, हिस्से पडणार. कस्टिस घराण्यातही तेच झालं. त्या यादीत बैल, पिंपं आणि खुर्च्यांबरोबर माणसांचीही नावं होती.

त्या वाटणीतला एकच हिस्सा धरून मी पुढे जाणार आहे: मार्थाचा. कारण दीड वर्षानं तिनं दुसरं लग्न केलं ते जॉर्ज वॉशिंग्टनशी, आणि हा हिस्सा तिच्याबरोबर त्याच्या घरी गेला. पुढे तो अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, सगळ्या देशात त्याच्याएवढा वजनदार माणूस नव्हता, तरी या हिश्श्यातल्या एकाही माणसाला मुक्त करायचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही. असं का, ते कळलं की मळेवाल्यांच्या घरातला वारसा कसा चालायचा तेही कळतं.

तर आधी कायदा. त्या काळी व्हर्जिनियात इंग्रजी वारसा कायदा चालायचा. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर जमीन थोरल्या मुलाची. विधवेला त्यातला तिसरा हिस्सा, पण हयातीपुरता. तिनं तो वहिवाटावा, त्याचं उत्पन्न खावं. विकू नये, कुणाला देऊ नये, नासधूस करू नये. ती गेली की हिस्सा परत पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे. याला डॉवर म्हणत. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. 1956 चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत आपल्याकडच्या विधवेचाही नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क असाच अपुरा असायचा: खा, पण विकू नको, तुझ्या पश्चात नवऱ्याचे वारस बघतील. कित्येक जुन्या घरांतल्या भांडणांचं मूळ त्या एका अटीत आहे.

मग गुलाम माणसं कशात धरायची? स्थावर की जंगम? गाय, नांगर, भांडीकुंडी जंगमात जातात, आणि जंगमातला तिसरा हिस्सा विधवेला कायमचा मिळायचा. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं 1705 साली कायदा करून ठरवलं की वारशापुरते गुलाम हे स्थावर, म्हणजे जमिनीसारखे. हेतू सरळ होता. मळा एकाकडे आणि राबणारे हात दुसरीकडे गेले तर मळ्याला किंमत राहत नाही, म्हणून दोन्ही एकाच वाटेनं खाली जावेत. पण त्याच कायद्यात सावकाराची सोय राखली होती. मालकाचं कर्ज थकलं की त्याच माणसावर जंगम मालासारखी टाच आणून त्याला विकता येई. वारसासाठी तो जमीन, धनकोसाठी गुरं. माणूस म्हणून त्याला कोणत्याच कलमात जागा नव्हती.

तिसरा नियम त्याहून जुना, 1662 चा: मूल आईच्या दर्जाचं. इंग्रजांच्या घरात मूल बापाचं नाव आणि बापाची मिळकत घेत असे. इथे तेच उलटं केलं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. बाप स्वतः मळ्याचा मालक असला तरीसुद्धा. वासरू गायीच्या मालकाचं, हा गुरांचा हिशेब त्यांनी बायकांना लावला, आणि एका कलमात दोन गोष्टी साधल्या: मालकाला आपल्याच मुलाची जबाबदारी उरली नाही, आणि प्रत्येक बाळंतपण मिळकतीची वाढ ठरलं. (आपण फार दुरून बघतोय असं समजू नये. बटीक हा शब्द आपल्याच भाषेतला आहे आणि पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आहेत.)

आता हे तिन्ही नियम मार्थावर लावून बघा. तिला गुलामांपैकी तिसरा हिस्सा मिळाला, 80 हून थोडी जास्त माणसं. उरलेली मुलाच्या, जॅकीच्या नावावर. धाकट्या पॅट्सीचा वाटा मुख्यतः रोकड आणि कर्जरोख्यांत. मार्थाच्या वाट्याची माणसं स्थावर धरल्यामुळे तिच्याकडे फक्त हयातीपुरती होती. आणि त्या माणसांतल्या बायकांना पुढे जी मुलं होतील ती आईबरोबर याच हिश्श्यात जमा. मार्थानं ती सांभाळायची, कामाला लावायची, आणि एक दिवस वाढीसकट कस्टिस वारसांना परत करायची.

6 जानेवारी 1759 ला मार्थाचं वॉशिंग्टनशी लग्न झालं. बायकोच्या मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे, हा तेव्हाचा कायदा. त्यामुळे डॉवरची जमीन आणि डॉवरची माणसं वॉशिंग्टन चालवू लागला, शिवाय तो दोन्ही सावत्र मुलांचा पालकही झाला. बेटी नावाची शिवणकाम करणारी बाई आपलं तान्हं मूल ऑस्टिन याला घेऊन पामंकीकाठच्या मळ्यावरून पोटोमॅक नदीवरच्या माउंट व्हर्ननला आली, ती अशी. ती आणि तिचं बाळ दोघंही हिश्श्यातली.

वॉशिंग्टनला गुलाम नवे नव्हते. 11 वर्षांचा असताना वडील वारले तेव्हा त्याच्या वाट्याला 10 माणसं आली होती. नंतर त्यानं विकतही घेतली. पण या लग्नानं तो व्हर्जिनियातल्या धनिकांच्या पंगतीला जाऊन बसला. 1773 मध्ये 17 वर्षांची पॅट्सी फिट येऊन गेली. तिच्या वाट्याची निम्मी रक्कम मार्थाकडे, म्हणजे व्यवहारात वॉशिंग्टनकडे आली, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचं तुंबलेलं देणं त्यातून भागलं. 1781 मध्ये जॅकीही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यावेळी छावणीतल्या तापानं गेला. त्याची चार मुलं मागे राहिली: तीन मुली आणि एक मुलगा. आता मार्थाच्या हिश्श्याचे पुढचे वारस ही चार नातवंडं.

इथवर कागदावरचं झालं. हा कागद एका जिवंत माणसाच्या गळ्यात कसा अडकायचा, ते ओना जजच्या आयुष्यात दिसतं.

ओना ही बेटीची मुलगी. बाप गोरा, अँड्र्यू जज नावाचा इंग्रज शिंपी, करारानं बांधून आलेला. मुदत संपल्यावर तो निघून गेला. मूल आईच्या दर्जाचं, म्हणून ओना जन्मतःच डॉवरमध्ये. आईसारखाच तिचा सुईवर हात बसला होता आणि ती मार्थाची खास दासी झाली. राजधानी फिलाडेल्फियाला गेली तेव्हा ओनालाही तिकडे नेलं.

फिलाडेल्फिया ज्या राज्यात, त्या पेनसिल्व्हेनियात मात्र 1780 चा कायदा होता: बाहेरच्या राज्यातल्या मालकानं आपला प्रौढ गुलाम तिथे सलग 6 महिने ठेवला तर त्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येई. एप्रिल 1791 मध्ये वॉशिंग्टननं आपला सचिव टोबायस लिअर याला लिहिलेलं पत्र आज वाचायला मिळतं. त्याचा आशय असा: हर्क्युलिस आणि पॅरिस सोडले तर इथली सगळी डॉवरची माणसं आहेत, ती मुक्त झाली तर मी त्यांना मुकेनच, वर त्यांची किंमतही मला भरून द्यावी लागेल. म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना काही निमित्तानं व्हर्जिनियाला पाठवावं, आणि ते निमित्त असं असावं की त्यांना आणि लोकांनाही खरं कारण कळू नये. भरून कुणाला द्यायची? कस्टिस वारसांना, म्हणजे आपल्याच घरात वाढणाऱ्या नातवंडांना. हिश्श्यातलं एक माणूस कमी झालं तर हिशेब चुकता करावा लागणार, याची धास्ती राष्ट्राध्यक्षालाही होती. पुढे ही ने-आण सुरूच राहिली.

1796 मध्ये ओनाला कळलं की तिला मार्थाची थोरली नात एलायझा हिला देणार आहेत. एलायझाचं नुकतंच लग्न झालं होतं. 21 मे 1796 ला वॉशिंग्टनच्या घरी व्हर्जिनियाला जायची बांधाबांध चालू होती. ओनानं म्हातारपणी वर्तमानपत्राला सांगितलं, की ते तिकडे जायचं सामान बांधत होते आणि मी माझं बांधत होते, कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. व्हर्जिनियाला परत गेले तर कधीच सुटणार नाही एवढं मात्र माहीत होतं. फिलाडेल्फियातल्या काळ्या स्नेह्यांच्या घरी तिनं आपले कपडे आधीच पोचवले होते. घरचे जेवायला बसले आणि ती बाहेर पडली. जहाजानं न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला पोचली.

वॉशिंग्टननं जाहिरात दिली, 10 डॉलर बक्षीस लावलं. पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्याला, जोसेफ व्हिपलला, तिला परत पाठवायला सांगितलं. व्हिपल तिच्याशी बोलला आणि त्यानं कळवलं की मालक-मालकिणीच्या पश्चात स्वातंत्र्य मिळेल अशी हमी असेल तर ती यायला तयार आहे. वॉशिंग्टननं हे साफ नाकारलं. पळून गेलेल्या बाईला असं बक्षीस दिलं तर इमानानं राहिलेल्या बाकीच्यांच्या मनात असंतोष येईल, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पत्रांतला हा युक्तिवाद मला आजवर पटलेला नाही. पण ओनाच्या मागणीला कायद्यानं हो म्हणणं त्याच्या हातात नव्हतंच, कारण ती त्याची नव्हती आणि पुरती मार्थाचीही नव्हती.

ओनानं 1797 मध्ये जॅक स्टेन्स या मुक्त खलाशाशी लग्न केलं. तीन मुलं झाली. न्यू हॅम्पशरमध्ये जन्मली, बाप स्वतंत्र, तरी व्हर्जिनियाच्या कायद्यानं ती मुलं कस्टिस इस्टेटीची मिळकत. 1799 मध्ये मार्थाचा भाचा तिला आणायला पोर्ट्समथला गेला, पण वेळेवर निरोप मिळाला आणि ती लेकराला घेऊन लपली. 1848 मध्ये वारली तेव्हाही कागदोपत्री ती फरारी मिळकतच होती. तिच्याऐवजी एलायझाला देण्यात आली ती तिची धाकटी बहीण, डेल्फी.

हर्क्युलिसची गोष्ट याच्या उलट बाजूची. तो वॉशिंग्टनचा नावाजलेला आचारी. तो डॉवरमधला नव्हता. शेजाऱ्याच्या थकलेल्या कर्जापोटी वॉशिंग्टनच्या मालकीचा झालेला. बायको ॲलिस मात्र डॉवरची, त्यामुळे रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही तिन्ही मुलंही डॉवरची. म्हणजे एका चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबात बाप एका खात्यावर, मुलं दुसऱ्या. 22 फेब्रुवारी 1797, वॉशिंग्टनच्या 65 व्या वाढदिवशी हर्क्युलिस माउंट व्हर्ननहून नाहीसा झाला. काही आठवड्यांनी तिथे फ्रान्सचा राजपुत्र लुई-फिलीप आला. त्याच्या नोकरानं हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारलं, बाबा आता कधीच दिसणार नाहीत, वाईट वाटत असेल ना? पोर म्हणाली, नाही, मला आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. राजपुत्रानं हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

1799 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टननं स्वतःच्या हातानं माउंट व्हर्ननच्या सगळ्या गुलामांची यादी केली. एकूण 317. त्यातली 153 डॉवरची, 120 हून थोडी जास्त त्याची स्वतःची, आणि 40 च्या आसपास शेजारच्या एका विधवेकडून भाड्यानं घेतलेली. 80 ची 153 झाली ती चाळीस वर्षांत, आणि ही वाढ म्हणजे जन्मलेली बाळं. ही यादी पाहताना माझी नजर शेऱ्याच्या रकान्यावर थांबते. नाव, वय, आणि पुढे बायको अमुक किंवा नवरा अमुक, तो कुठल्या शेतावर असतो. नावं दोन गटांत, एक त्याचा आणि एक डॉवरचा, आणि शेऱ्यातून जोडप्याच्या जोडप्यानं या गटातून त्या गटात दोरे गेलेले दिसतात. पंचवीस-तीस वर्षं एकाच मळ्यावर राहिलेली माणसं. लग्नं करताना कोण कुठल्या रकान्यातला हे कोण बघत बसणार?

ही गाठ वॉशिंग्टनला दिसत होती. मुक्ततेची वाट 1782 च्या कायद्यानं खुली झाली होती, मालकाला स्वतःच्या गुलामांना कागद करून सोडता येई. मधल्या वर्षांत त्यानं शेतं भाड्यानं लावून, जमिनी विकून काही करता येतं का हे चाचपून पाहिलं, ते जमलं नाही. पण आपली स्वतःची माणसं त्याला 1782 नंतर कधीही सोडता आली असती. 17 वर्षं त्यानं ते केलं नाही, आणि या बाबतीत डॉवरचं कारण पुढे करता येत नाही.

जुलै 1799 च्या मृत्युपत्रात त्यानं लिहिलं की माझी माणसं मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावीत. आताच का नाही, तेही लिहिलं: त्यांची डॉवरच्या लोकांशी लग्नं झालेली आहेत, निम्मे सुटले आणि निम्मे राहिले तर फार क्लेश होतील, आणि डॉवरच्या लोकांना मुक्त करणं माझ्या अधिकारात नाही. म्हाताऱ्यांना वारसांनी जन्मभर अन्नवस्त्र द्यावं, पोरक्या मुलांना लिहा-वाचायला आणि एखादा धंदा शिकवावा, हेही त्यात होतं. एकटा विल्यम ली, युद्धभर त्याच्या सोबत राहिलेला, लगेच मुक्त झाला, वर्षाला 30 डॉलरच्या नेमणुकीसकट.

14 डिसेंबर 1799 ला वॉशिंग्टन वारला. आता त्या कलमाचा अर्थ माउंट व्हर्ननवर सगळ्यांना कळत होता. सव्वाशे माणसांचं स्वातंत्र्य एका म्हातारीच्या मरणावर टांगलेलं, आणि ती त्यांच्याच हातचं जेवत होती. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाची बायको ॲबिगेल ॲडम्स तिला भेटून आली आणि बहिणीला कळवलं की मार्थाला त्यांच्या हाती आपला जीव सुरक्षित वाटत नाही. डिसेंबर 1800 मध्ये मार्थानं कागद केला आणि 1 जानेवारी 1801 ला नवऱ्याची माणसं सुटली. पळून गेलेला हर्क्युलिसही त्या दिवशी कायद्यानं मोकळा झाला. रिचमंड, एव्ही आणि डेलिया जिथे होती तिथेच राहिली.

22 मे 1802 ला मार्था गेली आणि 45 वर्षांपूर्वीची वाटणी पुरी व्हायची वेळ आली. आपल्याकडे वाटपात सरस-निरस पाहायची पद्धत आहे: एकाला विहिरीजवळचं रान दिलं तर दुसऱ्याला मुरमाड थोडं जास्त. तसंच इथे दीडशेवर माणसांचं मोल धरून चार नातवंडांसाठी चार याद्या झाल्या. धट्टाकट्टा गवंडी इकडे, म्हातारी तिकडे. ज्यांचे नवरे दीड वर्षापूर्वी सुटून जवळपास राहिले होते त्या बायका आता मुलांसकट वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. मार्थाच्या पूर्ण मालकीचा, हयातीची अट नसलेला एक माणूस होता, एलिश नावाचा. त्याला सोडायला कुणाची आडकाठी नव्हती. तिनं तो नातवाला लिहून दिला.

तो नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. त्यानं आपल्या वाट्याची माणसं घेऊन पोटोमॅकच्या टेकडीवर आर्लिंग्टनचा वाडा बांधायला काढला. 1857 मध्ये तो वारला तेव्हा सगळ्या मळ्यांवर मिळून जवळजवळ 200 गुलाम होते. पामंकीकाठचा तो पहिला मळाही अजून घराण्यातच होता. माझे गुलाम 5 वर्षांच्या आत मुक्त करावेत आणि चार नातींना प्रत्येकी 10,000 डॉलर द्यावेत, असं त्याचं मृत्युपत्र. व्यवस्थापक होता जावई, रॉबर्ट ई. ली, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला तो. एवढा पैसा उभा करायचा तर माणसांना राबवणं किंवा भाड्यानं देणं आलं, म्हणून लीनं 5 वर्षांची मुदत शेवटपर्यंत ताणली. म्हातारा गेला की आपण सुटणार, असं तिथल्या लोकांना सांगितलं गेलेलं होतं. 1859 मध्ये वेस्ली नॉरिस, त्याची बहीण आणि एक चुलतभाऊ पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले, आणि लीनं आपल्याला चाबकाचे फटके मारवले हे नॉरिसनं 1866 मध्ये जाहीर सांगितलं. मुक्तीपत्रावर लीनं सही केली 29 डिसेंबर 1862 ला. तोपर्यंत यादवी युद्ध पेटून दीड वर्ष उलटलं होतं आणि आर्लिंग्टन उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होतं. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं माणसाला मिळकत ठरवणारा सगळा कायदाच पुसला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते याच लढ्यातले.

या घराण्यात कस्टिसचं आणखी एक अपत्य होतं. आर्लिंग्टनवरची दासी एरियाना कार्टर माउंट व्हर्ननहून वाटणीत आलेली. तिची मुलगी मारिया, 1803 च्या सुमारास जन्मलेली, कस्टिसचीच असं सगळे समजत. 1662 च्या नियमानं ती बापाची वारस होऊ शकत नव्हती, बापाची मिळकत होती. कस्टिसनं तिला आणि तिच्या मुलांना 1826 मध्ये मुक्त करवलं आणि आर्लिंग्टनच्या एका कडेची 17 एकर जमीन दिली. तोंडी. नोंदवलेलं बक्षीसपत्र नाही. मारिया सायफॅक्स चाळीस वर्षं ती जमीन कसत, मुलं वाढवत तिथे राहिली.

1864 मध्ये थकलेल्या करासाठी सरकारनं आर्लिंग्टन लिलावात काढून स्वतःच घेतलं, त्यात हे 17 एकरही गेले. दाखवायला मारियाकडे कागद नव्हता. तिचा मुलगा विल्यम तोवर वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत होता. त्यानं पाठपुरावा केला. काँग्रेसमध्ये खास तिच्यासाठी विधेयक आलं. न्यूयॉर्कचे सिनेटर आयरा हॅरिस बोलताना म्हणाले, की कस्टिसना या बाईबद्दल कदाचित पितृभावनेसारखं काही वाटत असावं. 1866 मध्ये तो कायदा मंजूर झाला आणि ती जमीन मारियाच्या नावावर लागली. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती.